विमानतळापर्यंतचा कायदा

यापुढे चिनी मुले परदेशी पालकांना दत्तक दिली जाणार नाहीत, असे चीनच्या परराष्ट्र मंत्रालयाने ५ सप्टेंबर २०२४ रोजी नेहमीच्या पत्रकार परिषदेत स्पष्ट केले. अपवाद ठेवण्यात आला तो केवळ जवळच्या रक्ताच्या नात्यातील मुलांचा आणि सावत्र अपत्यांचा. १९९२ मध्ये उघडलेले हे दार तीन दशकांनी बंद झाले. या काळात दीड लाखाहून अधिक मुले, त्यांतही बहुसंख्य मुली, चीनमधून परदेशांत गेली आणि त्यांतील सुमारे निम्मी एकट्या अमेरिकेत. घोषणा झाली तेव्हा अमेरिकेत अशी शेकडो कुटुंबे होती, की ज्यांच्या हाती मुलाचा फोटो आणि माहिती केव्हाच आलेली होती. करोनाच्या साथीमुळे प्रवास तेवढा खोळंबला होता. त्यांची वर्षानुवर्षांची प्रतीक्षा एका वाक्यात निकालात निघाली.

या वाटेने जाणारा चीन हा पहिला देश नव्हे. रुमानियाने २००१ मध्ये परदेशी दत्तकविधानांना स्थगिती दिली, ग्वाटेमालाने २००८ च्या सुरुवातीला आपली व्यवस्था गुंडाळली, रशियाने २०१३ पासून अमेरिकी पालकांना मनाई केली, इथिओपियाने २०१८ मध्ये बंदी घातली. मुले घेणाऱ्या देशांचेही मन आता पालटले आहे. नेदरलँड्सने २०२१ मध्ये नवी दत्तकविधाने थांबवली. डेन्मार्कमधील शेवटच्या उरलेल्या संस्थेने २०२४ मध्ये काम आवरते घेतले. स्वीडनमध्ये सरकारने नेमलेल्या आयोगाने २०२५ मध्ये ही पद्धतच बंद करावी, अशी शिफारस केली. अमेरिकेत २००४ या एका आर्थिक वर्षात सुमारे २३ हजार मुले बाहेरदेशांतून दत्तक आली होती. २०२३ मध्ये हा आकडा १,२७५ वर आला.

ही घसरण कशामुळे, याचे उत्तर मुलांच्या कागदपत्रांत आहे. दक्षिण कोरियाच्या सत्य आणि समेट आयोगाने मार्च २०२५ मध्ये दिलेल्या निष्कर्षांत खोट्या अनाथ-नोंदी, बदललेल्या ओळखी आणि सरकारची डोळेझाक यांवर बोट ठेवले. ऑक्टोबरमध्ये राष्ट्राध्यक्ष ली जे-म्युंग यांनी जाहीर माफी मागितली. भारताचे नावही या हिशेबातून सुटलेले नाही. १९७३ ते २००२ या काळात स्वित्झर्लंडमध्ये २,२७८ भारतीय मुले दत्तक गेली. तेथील झुरिक आणि थुरगाऊ या प्रांतांनी करवून घेतलेल्या संशोधनात, तपासलेल्या एकाही प्रकरणात जन्मदात्या आईचे संमतिपत्र आढळले नाही. हे २०२४ च्या अखेरीस प्रसिद्ध झाले, आणि जानेवारी २०२५ मध्ये स्विस सरकारने आंतरदेशीय दत्तकविधाने बंद करण्याचा मनोदय जाहीर केला.

मूल आले कोठून, हा प्रश्न यामुळे ऐरणीवर आला, हे योग्यच झाले. परंतु या गदारोळात दुसरा एक प्रश्न पूर्वीइतकाच दुर्लक्षित राहिला आहे. मूल पोहोचले, त्यानंतर त्याचे आणि त्याला घरी आणणाऱ्यांचे काय झाले? दत्तकविधानाची सारी यंत्रणा, म्हणजे अर्ज, चौकशी, न्यायालय, व्हिसा, प्रमाणपत्रे, ही विमानतळाच्या दारापर्यंत अत्यंत सावध असते. त्या दारापलीकडे मात्र ती एकदम निर्धास्त होते. मूल आणि पालक यांचा खरा संसार तर तेथूनच पुढे सुरू होतो.

भारतातील दत्तक कायद्याचा इतिहास या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. आपल्याकडील आंतरदेशीय दत्तकविधानाचे नियम संसदेत जन्मले नाहीत. ते एका पत्रातून जन्मले. लक्ष्मीकांत पांडे या वकिलांनी १९८२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहून तक्रार केली, की परदेशी दत्तकविधानाच्या नावाखाली कोवळ्या वयाची मुले जिवावर बेतेल अशा लांबच्या प्रवासाला पाठवली जात आहेत. त्या काळी पालकांनी मुलाला न्यायला यावे असा दंडक नव्हता. परतीच्या प्रवासाला निघालेल्या कोणा प्रवाशाच्या हाती बाळ सोपवायचे आणि पलीकडच्या विमानतळावर पालकांनी ते उतरवून घ्यायचे, ही रीत कोरियातून जाणाऱ्या मुलांच्या बाबतीत तर सर्रास होती. न्यायमूर्ती पी. एन. भगवती यांनी ६ फेब्रुवारी १९८४ रोजी दिलेल्या निकालात या व्यवहाराला प्रथमच शिस्त लावली. मूल आधी देशातच दत्तक जावे, ते न जमल्यास परदेशी पालकांचा विचार व्हावा, परदेशातील मान्यताप्राप्त संस्थेने पालकांची चौकशी केलेली असावी, अशी ती सूत्रे होती. पुढे १९९० मध्ये केंद्रीय दत्तक संसाधन संस्था अर्थात ‘कारा’ स्थापन झाली, १९९३ च्या हेग करारावर भारताने २००३ मध्ये शिक्कामोर्तब केले आणि २०१५ च्या बालन्याय कायद्याने ‘कारा’ला वैधानिक दर्जा दिला.

या प्रवासातील एक तपशील सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. परदेशी पालकांना भारतात मूल दत्तक घेता येईल असा कायदाच कित्येक दशके नव्हता. १८९० च्या पालक व पाल्य कायद्याखाली न्यायालय त्यांना मुलाचे ‘पालक’ म्हणून नेमी, आणि मूल ‘पाल्य’ म्हणून देश सोडी. ते त्यांचे अपत्य होई ते परदेशात पोहोचल्यावर, तेथील न्यायालयाच्या आदेशाने. म्हणजे विमानात बसलेले मूल कायद्याच्या दृष्टीने अजून कोणाचेच नसे. पलीकडच्या देशात पालकांनी आळस केला, कागद हरवले किंवा पालकांचा मृत्यू झाला, तर नागरिकत्वाचा प्रश्न लोंबकळत राही. अमेरिकेने २००० साली कायदा करून परदेशातून दत्तक आलेल्या मुलांना आपोआप नागरिकत्व दिले. पण तो २७ फेब्रुवारी २००१ रोजी अमलात आला, आणि त्या दिवशी ज्यांची अठरा वर्षे पूर्ण झाली होती त्यांना वगळण्यात आले. परिणामी अमेरिकेतच वाढलेल्या, अमेरिकी इंग्रजीखेरीज दुसरी भाषा न येणाऱ्या कित्येक दत्तक व्यक्ती प्रौढपणी ‘परदेशी’ ठरल्या. त्यांत बहुसंख्य कोरियातून गेलेले. परंतु भारतातून तान्हेपणी गेलेल्या एका महिलेवरही २०१२ मध्ये हद्दपारीची टांगती तलवार आली होती.

आज ही त्रुटी बऱ्याच अंशी दूर झाली आहे. दत्तकविधान भारतातच पूर्ण होते, पालकांनी मूल नेण्यासाठी स्वतः भारतात यावे लागते, हेग करारानुसार प्रमाणपत्र दिले जाते, आणि अमेरिकेत पाऊल ठेवताच मूल तेथील नागरिक होते. कागदावरचा प्रवास निर्धोक झाला, हे मान्य करायला हवे.

कागदाबाहेरचा प्रवास मात्र वेगळा आहे. चीनमधून मुली आणणाऱ्या अमेरिकी पालकांच्या सहली हे त्याचे सर्वांत नोंदले गेलेले उदाहरण. पालकांचे गट एकत्र जात. प्रांताच्या राजधानीत, सरकारी कार्यालयात वा हॉटेलच्या दिवाणखान्यात मुले त्यांच्या हवाली केली जात. नंतर सारे ग्वांगझूला येत, कारण अमेरिकी व्हिसा तेथेच मिळे. शामियान बेटावरील ‘व्हाइट स्वान’ या हॉटेलात एकेका वेळी डझनावारी अमेरिकी दाम्पत्ये चिनी बाळांना घेऊन वावरत असत. आजूबाजूच्या दुकानांचा धंदाच त्यांच्यावर चाले. मूल हाती आले तो दिवस दरवर्षी ‘गॉचा डे’ म्हणून साजरा करण्याची प्रथा याच पालकांत रुजली. मुली मोठ्या झाल्या तेव्हा त्यांच्यातील अनेकींनी या सणावर नापसंती नोंदवली. पालकांच्या दृष्टीने ज्या दिवशी सर्व काही मिळाले, त्याच दिवशी आपल्या हातून ओळखीचे सर्व काही गेले, असे त्यांचे म्हणणे. त्याला उत्तर देणे कठीण आहे.

कारण दहा-बारा महिन्यांचे मूल म्हणजे कोरी पाटी नव्हे. महाराष्ट्रातील एखाद्या शिशुगृहाचे उदाहरण घेतले तरी हे कळेल. तेथील बाळाला आई नसते, पण मावश्या असतात. अंघोळ घालणारी एक, रात्रपाळीची दुसरी. त्यांच्या साडीचा वास, त्यांच्या बोलण्याचा हेल, दुपारच्या मऊ भाताची चव, शेजारच्या पाळण्यांतील रडणे-खिदळणे, रात्रभर चालू राहणारा दिवा, हे त्या बाळाचे घर असते. अशा बाळाला दोन अनोळखी माणसे उचलून घेतात. ती निराळ्या आवाजात, बहुधा निराळ्या भाषेत बोलतात. वीस-बावीस तासांच्या प्रवासानंतर ते जेथे पोहोचते तेथे दिवसाची रात्र झालेली असते; न्यूयॉर्क आणि भारत यांच्या घड्याळांत साडेनऊ ते साडेदहा तासांचे अंतर आहे. अमेरिकी उपनगरातील शांत, अंधारी, स्वतंत्र खोली पालकांनी हौसेने सजवलेली असते. दहा मुलांच्या श्वासांत झोपण्याची सवय असलेल्या बाळाला त्या शांततेचीच धास्ती वाटते.

भाषेचा मुद्दा केवळ भावनिक नाही. मॉन्ट्रियलमधील संशोधकांनी २०१४ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. चीनमधून तान्हेपणी आणलेल्या, केवळ फ्रेंच बोलणाऱ्या आणि चिनीचा एक शब्दही न आठवणाऱ्या मुलींना चिनी भाषेतील स्वरांचे चढउतार ऐकवण्यात आले. त्यांच्या मेंदूने दिलेला प्रतिसाद लहानपणापासून चिनी बोलत आलेल्या मुलींसारखाच निघाला. चिनी कधीच न ऐकलेल्या फ्रेंच मुलींचा तसा नव्हता. कोरियातून नेदरलँड्समध्ये गेलेल्या प्रौढांवरील २०१७ च्या अभ्यासातही असेच दिसले. त्यांतील काही तर सहा महिन्यांचे होण्याआधीच गेले होते, तरी कोरियन उच्चार शिकताना ते इतर डचांच्या पुढे राहिले. बाळ बोलू लागलेले नसते, याचा अर्थ त्याने काही ऐकलेले नसते असा नाही.

संस्थेत गेलेल्या काळाचा परिणाम किती खोल असतो, याबद्दल सर्वांत विश्वासार्ह माहिती रुमानियातील मुलांवरून मिळाली. चाउसेस्कूची राजवट १९८९ मध्ये कोसळल्यानंतर तेथील अनाथालयांतून ब्रिटनमध्ये दत्तक गेलेल्या १६५ मुलांचा मागोवा मानसोपचारतज्ज्ञ मायकेल रटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पंचवीस वर्षांच्या आसपास घेतला. सहा महिन्यांच्या आत बाहेर पडलेली मुले ब्रिटिश मुलांच्या जवळजवळ बरोबरीला आली. त्याहून अधिक काळ तेथे राहिलेल्यांपैकी अनेकांना लक्ष न लागणे, माणसांशी नाते जोडताना अडखळणे असे त्रास मोठेपणीही राहिले. परंतु त्याच गटातील साधारण पाचांपैकी एकाला कोणत्याही टप्प्यावर अडचण आली नाही. त्या अनाथालयांची अवस्था भीषण होती आणि सर्वच संस्थांना तो निकष लावणे अन्यायाचे ठरेल. पण महिने मोजावे लागतात, ही गोष्ट या अभ्यासाने पक्की केली.

पहिल्या काही आठवड्यांत नव्या पालकांना दिसते ते बरेचदा फसवे असते. ‘किती शहाणे बाळ, अजिबात रडत नाही,’ असे कौतुक होते. रडून कोणी येत नाही हे ज्याला उमगले आहे तेही बाळ रडत नाही. कोणाच्याही कडेवर हसत जाणारे मूल मनमिळाऊ वाटते. तज्ज्ञ मात्र तेवढ्यानेच सावध होतात, कारण आपले कोण आणि परके कोण हा भेद त्याच्या मनात अजून तयार झालेला नसण्याची शक्यता असते. काही मुले पोट भरल्यावरही खात राहतात, घास गालात धरून ठेवतात. म्हणूनच आरंभीचे काही आठवडे बाळाला भरवणे, झोपवणे, उचलून घेणे हे फक्त आई-वडिलांनीच करावे, पाहुण्यांची वर्दळ टाळावी, खाणे आणि दुधाची पावडर एकदम बदलू नये, असा सल्ला दिला जातो. आरोग्याच्या तपासण्या त्याखेरीज. क्षयरोग, कावीळ, पोटातील जंत, रक्तातील शिसे यांची चाचणी पोहोचताच करून घेतात. काही परिणाम मात्र वर्षांनंतर उमटतात. भारतातून स्वीडनमध्ये दत्तक गेलेल्या मुलींवरील १९९१ सालच्या एका अभ्यासात मासिक पाळी सुरू होण्याचे मध्यक वय ११.६ वर्षे आढळले. आधीचे कुपोषण आणि नंतरची झपाट्याने झालेली वाढ यांच्याशी संशोधकांनी त्याचा संबंध जोडला. आठव्या-नवव्या वर्षी मुलीच्या शरीरात बदल दिसू लागले, तर गांगरून न जाता डॉक्टरांकडे जायला हवे, हे त्या पालकांना कोणी आधी सांगितलेले असते का, हा प्रश्नच आहे.

बाळापुरते बोलून हा विषय संपत नाही. त्याच्या आई-वडिलांची अवस्था तर त्याहून कमी बोलली जाते. बाळंतपणानंतर येणाऱ्या नैराश्याला आता वैद्यकात आणि घरातही नाव मिळाले आहे. दत्तक मूल घरी आल्यावर येणारे नैराश्य अजून अनेकांना पटतच नाही. शरीरावर ना बाळंतपणाचा ताण, ना संप्रेरकांची उलथापालथ. मग रडू कशाचे येते, असा सवाल विचारला जातो. जून बाँड या अमेरिकी कार्यकर्तीने १९९५ मध्ये या अवस्थेचे नामकरण केले आणि पर्ड्यू विद्यापीठातील प्राध्यापिका कॅरन फोली यांनी पुढे त्यावर पद्धतशीर संशोधन केले. त्यांच्या मांडणीचा रोख अपेक्षांवर आहे. मुलाबद्दलच्या, स्वतःबद्दलच्या, आप्तेष्टांबद्दलच्या अपेक्षा वर्षानुवर्षांच्या प्रतीक्षेत फुगत जातात, आणि प्रत्यक्ष मूल त्यांत बसत नाही. ते कवेत येत नाही, मान फिरवते, कधी आईला झिडकारून वडिलांनाच चिकटते. ज्या क्षणी माया उचंबळून येणार होती त्या क्षणी येतो तो थकवा आणि एक अपराधी कोरडेपणा.

हे बोलून दाखवायचे कोणाला? इथे व्यवस्थेतील सर्वांत मोठी गोम आहे. दत्तक पालक होण्यासाठी या दाम्पत्याने आपण किती योग्य आहोत हे सिद्ध करण्यात काही वर्षे घालवलेली असतात. उत्पन्न, आरोग्य, पोलिसांचा दाखला, शेजाऱ्यांची शिफारस, घराची पाहणी, लग्न कसे चालले आहे याची विचारपूस. जन्मदात्या पालकांना यांतले काहीही कोणी विचारत नाही. मूल आल्यावर पाठपुराव्यासाठी घरी येणारी सामाजिक कार्यकर्ती हीच मदतीचा एकमेव अधिकृत आधार असते, आणि अहवाल लिहिणारीही तीच. तिच्यापुढे ‘आम्हाला हे जमत नाहीसे वाटते’ असे म्हणण्याची हिंमत किती जणांना होईल? त्यामुळे भेटीच्या दिवशी घर आवरलेले असते, बाळाच्या अंगात नवा सदरा असतो आणि अहवालात ‘मूल उत्तम रुळले आहे’ असे वाक्य येते. ते खोटे असते असे नाही. त्यात बऱ्याच गोष्टी आलेल्या नसतात, इतकेच.

ही तयारी आधी किती होते, तेही पाहावे. हेग करारान्वये होणाऱ्या दत्तकविधानासाठी अमेरिकी नियमांनी पालकांना किमान दहा तासांचे प्रशिक्षण आवश्यक ठरवले आहे. मोटार चालवायला शिकायलाही याहून अधिक तास जातात.

झाकलेली अडचण कधीतरी बाहेर येतेच, आणि येते तेव्हा ती बातमी होते. २०१० मध्ये टेनेसी राज्यातील एका महिलेने दत्तक घेतलेल्या सात वर्षांच्या रशियन मुलाला, सोबत एक चिठ्ठी देऊन, एकट्याला मॉस्कोच्या विमानात बसवून दिले. दोन्ही देशांच्या संबंधांत त्याने कटुता आली. २०१३ मध्ये रॉयटर्स या वृत्तसंस्थेने केलेल्या शोधात, न झेपणारी दत्तक मुले इंटरनेटवर जाहिरात देऊन अनोळखी लोकांच्या हवाली करणारे पालक उघड झाले. ‘री-होमिंग’ असा या प्रकाराला शब्दच रूढ झाला होता. तो मूळ पाळीव प्राण्यांसाठी वापरला जाणारा. त्या मुलांत परदेशांतून आणलेल्यांचे प्रमाण मोठे होते. आणि ऑक्टोबर २०१७ मध्ये टेक्सासमध्ये तीन वर्षांच्या एका मुलीचा मृत्यू झाला. आदल्याच वर्षी तिला बिहारमधून आणण्यात आले होते. तिच्या दत्तक वडिलांना २०१९ मध्ये जन्मठेप झाली. ते कुटुंब भारतीय वंशाचे होते. रंग, खाणे आणि मूळ देश जुळला की रुळणे आपसूक होते, ही समजूत त्या घटनेने मोडायला हवी होती.

ही समजूत अमेरिकेतील मराठी घरांनाही लागू पडते. अनिवासी भारतीयांना २०१५ पासून दत्तकाच्या प्रतीक्षायादीत देशातील रहिवाशांच्या बरोबरीचे स्थान आहे. न्यू जर्सीतील वा कॅलिफोर्नियातील मराठी दाम्पत्य आज पुण्यातील दाम्पत्याच्याच रांगेत उभे असते, आणि निरोगी तान्ह्या बाळासाठी ती रांग तीन वर्षांहून लांब गेली आहे. २०२४-२५ मध्ये देशात झालेल्या ४,५१५ दत्तकविधानांपैकी ४,१५५ देशांतर्गत होती. देशाबाहेर गेलेली मुले त्या मानाने थोडी. परंतु चीनने दार लावल्यानंतर अमेरिकेत मुले पाठवणाऱ्या देशांत भारत वरच्या रांगेत आहे, हेही विसरता येत नाही.

मराठी घराचे फायदे उघड आहेत. वरणभात ओळखीचा, अंगाई ओळखीची. मात्र यादीतून येणारे मूल ओडिशाचे किंवा झारखंडचेही असू शकते, आणि मग ‘आपली भाषा’ ही त्याच्या दृष्टीने परकीच. शिवाय आपल्या काही सवयी नेमक्या आड येतात. बाळ आले की बारसे ठरते, मंडळातील पन्नास माणसे जमतात, आणि बाळ या हातातून त्या हातात फिरते. सहा महिन्यांच्या व्हिसावर आलेली आजी मायेपोटी रात्रीचे सारे आपल्याकडे घेते. ती परत गेली की बाळाची आणखी एक ताटातूट होते. रंगरूप जुळत असल्याने ‘कळायचे कारणच काय’ हा मोहही येथेच अधिक. गोऱ्या घरातील भारतीय मुलीला आपण दत्तक आहोत हे आरशात दिसते. मराठी घरातील मुलीला ते कोणीतरी सांगावे लागते, आणि न सांगण्याची परंपरा आपल्याकडे जुनी आहे. मुळात ‘दत्तक’ या शब्दालाच मराठीत वंश, वारसा आणि गादी यांचा वास चिकटलेला. डलहौसीने १८४८ मध्ये साताऱ्याचे दत्तक नामंजूर केले, ही शालेय पुस्तकातली आठवण बहुतेकांच्या मनात या शब्दाबरोबर येतेच. मूल घराण्यासाठी घ्यायचे, असा तो जुना अर्थ. मुलासाठी घर शोधायचे, असा आजच्या कायद्याचा.

या पार्श्वभूमीवर भारताची देखरेख कशी आहे? २०२२ च्या दत्तक नियमावलीनुसार परदेशी संस्थेने पहिल्या वर्षी दर तिमाहीस आणि दुसऱ्या वर्षी दर सहामाहीस अहवाल पाठवायचे असतात. म्हणजे दोन वर्षांत एकूण सहा. देशांतर्गत दत्तकविधानासाठी ते चारच. अहवालांची संख्या वाढवून काही साधेल असे वाटत नाही. पहिल्या वर्षात मदत करणारा आणि तपासणारा यांना वेगळे करणे, हे त्याहून महत्त्वाचे आणि खर्चाच्या मानाने स्वस्त पाऊल ठरेल. पालकांना जिच्याशी मोकळेपणे बोलता येईल, जिच्या नोंदी ‘कारा’कडे जाणार नाहीत, अशी समुपदेशक अर्जाच्या वेळीच नेमून द्यावी. मुलाला प्रत्यक्ष धोका दिसला तरच तिने तो कळवावा. पालकांच्या रागलोभाची, थकव्याची, शंकांची नोंद करण्याचे तिला कारण नाही. शिशुगृहातील मावशीने बाळाच्या सवयींचे एक पान लिहून द्यावे, कोणत्या कुशीवर झोपते, काय गुणगुणल्यावर शांत होते, कोणाचा लळा आहे, तर त्याचा उपयोग वैद्यकीय अहवालाइतकाच होईल. काही संस्था हे आजही करतात. नियमाने ते सर्वांनी करावे.

वेळेचा प्रश्न मात्र पानांनी सुटणारा नाही. स्वीडनमध्ये दत्तक पालकांनाही जन्मदात्यांप्रमाणे ४८० दिवसांची भत्त्यासह रजा मिळते, आणि ती मूल घरी आल्यापासून मोजली जाते. भारतात केंद्र सरकारी महिला कर्मचाऱ्याला एक वर्षाखालील मूल दत्तक घेतल्यास १८० दिवसांची रजा आहे. खासगी क्षेत्रासाठी २०१७ च्या प्रसूती लाभ दुरुस्तीने बारा आठवडे दिले, पण मूल तीन महिन्यांखालचे असावे अशी अट घातली. टाकून दिलेले दोन वर्षांखालील मूल ‘दत्तकासाठी मुक्त’ घोषित व्हायलाच कायद्याने दोन महिन्यांची मुदत आहे. त्यानंतर पालकांची निवड, आदेश, हस्तांतर. तीन महिन्यांच्या आत घरी पोहोचणारे बाळ विरळाच, आणि या अटीला २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले गेले यात नवल काहीच नव्हते. अमेरिकेतील १९९३ च्या संघराज्यीय कायद्याने दत्तक पालकांनाही बारा आठवडे मिळतात, पण बिनपगारी, आणि तेही मोठ्या आस्थापनांतील कर्मचाऱ्यांनाच. ही रजा संपते त्याच सुमारास पहिला तिमाही अहवाल भारताकडे रवाना व्हायचा असतो. आणि त्याच आठवड्यात बाळ पाळणाघरात जाऊ लागते: पुन्हा एका ओळीत मांडलेले पाळणे, पुन्हा दहा मुलांची खोली आणि पाळीप्रमाणे बदलणाऱ्या अनोळखी बायका.